एका जनावराला एक कागद

आमच्या जागेला लोक गोशाळा म्हणतात आणि मी दर वेळी दुरुस्ती करते. आमच्याकडे गाई आहेत, पण त्यांच्याहून जास्त म्हशी आहेत, नांगराला नकोसे झालेले बैल आहेत, लंगड्या बकऱ्या आहेत आणि एक गाढव आहे, त्याचं वय कुणालाच सांगता येत नाही. हायवेवर गाडीनं उडवलेली, ट्रकमधून उतरवलेली, म्हातारी झाली म्हणून सोडून दिलेली ही सगळी मंडळी. रायपूरहून अभनपूरकडे जाताना एक कच्चा रस्ता आत वळतो, त्याच्या टोकाला आम्ही आहोत. मी तिथली अध्यक्ष. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झाले, पण एकदा झाले म्हटल्यावर अर्धवट झाले नाही.

माझे वडील वर्ध्याहून रेल्वेत बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. मी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत हयात काढली. लोकांच्या नेमणुका, रजा, बढत्या माझ्या टेबलावरून जायच्या. सही जराशी वाकडी आली तरी मी कागद परत पाठवायची. साहेबाची असली तरी. त्यामुळे मागे माझ्याबद्दल काय काय बोललं जायचं ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. रिटायर झाल्यावर ही जागा हाती आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी नियम केला: एका जनावराला एक कागद. त्यावर जनावराचं वर्णन, कुठे सापडलं, काय दुखलं-खुपलं, आणि खाली आमच्या दोनपैकी एका सल्लागाराची सही. सहीचा अर्थ असा, की हे जनावर मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते मरेपर्यंत त्याची जबाबदारी माझी.

सल्लागार दोन. एक रायपूरच्या पंडरी बाजारातले कापडाचे ठोक व्यापारी. चारा कुठून, कोणत्या महिन्यात, किती घ्यायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. माणूस जैन, मुंगी चिरडली तरी हळहळणारा, पण जनावराला भितो. कुंपणाच्या बाहेरून मान उंच करून बघतो आणि सही करतो. "आँख से देख लिया न, दीदी. नियम में हाथ लगाना कहाँ लिखा है?" हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. तसं लिहिलेलं नाही.

दुसरे आमचे डॉक्टरसाहेब. जनावरांचे सरकारी डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले, मूळ अमरावतीकडचे, सत्तरी ओलांडलेली, राहायला रायपुरात समता कॉलनीत. एवढ्या लांबून स्कूटरवर येतात. माणसांशी मोजकं बोलतात आणि म्हशींशी भरभरून. "काहून वं, काल खाल्लं नाई म्हने तुनं?" असं म्हशीच्या कानाशी विचारताना मी त्यांना कितीदा तरी ऐकलं आहे. ते नसते तर आमची जागा दोन महिन्यांत बंद पडली असती, हे मला त्या वेळीही माहीत होतं.

एक गोष्ट माझ्याच नियमाविरुद्ध होती आणि ती मी चालवून घेत होते. हायवेवर अपघात वेळ बघून होत नाहीत. गाय रक्तबंबाळ होऊन फाटकाशी आली आणि सही नाही म्हणून बाहेर राहिली, असं कसं चालेल? म्हणून डॉक्टरसाहेबांनी पाच कोऱ्या कागदांवर सह्या करून माझ्या कपाटात ठेवल्या होत्या. "ताई, तुमच्यावर भरोसा हाय म्हनून देऊन राहिलो," ते म्हणाले होते. मी कागद भरायची, दुसऱ्या दिवशी ते येऊन जनावर पाहायचे. आयुष्यभर मी लोकांच्या सह्या तपासल्या, पण कोऱ्या कागदावर सही करून मला कुणी दिली नव्हती. मला त्याचा अभिमान होता. सांगायला लाज कशाची!

डॉक्टरसाहेबांची अट एकच. पहिल्या बैठकीत सगळं ठरल्यावर उठता उठता ते म्हणाले, "कोंबड्या सोडून." मी कारण विचारलं तर ते बैलाचा खूर बघायला वाकले. मला वाटलं, मोठ्या जनावरांच्या डॉक्टरला कोंबडी कमीपणाची वाटत असेल. हा माझा स्वभाव आहे. समोरचा गप्प राहिला की त्याचं उत्तर मीच लिहून टाकते.

गेल्या हिवाळ्यात अभनपूरच्या बाजूच्या एका अंड्यांच्या फार्मवाल्याचा फोन आला. धंदा बंद करत होता. अंडी कमी झालेल्या कोंबड्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी कापायला उचलणार होता. "थोडी आप ले जाओ, मैडम, पुण्य लगेगा." मी नुसतं बघायला म्हणून गेले. पिंजऱ्यात एकीवर एक कोंबलेल्या, पिसं झडून मान उघडी पडलेली, चोच कापलेली. परत येताना टेम्पोत चाळीस कोंबड्या होत्या.

डॉक्टरसाहेब तेव्हा पुतणीच्या लग्नाला अमरावतीला गेले होते. फोन करता आला असता. मी केला नाही, कारण उत्तर माहीत होतं. कापडाचे व्यापारी उद्याशिवाय येणार नव्हते, आणि कपाटात डॉक्टरसाहेबांच्या सहीचा शेवटचा कोरा कागद उरला होता. मी त्यावर लिहिलं: कोंबड्या, नग चाळीस. एका जनावराला एक कागद हा माझाच नियम, पण कागद एकच होता, आणि खरं सांगायचं तर कोंबडीला कुठे वेगळा कागद लागतो, असंही मनात आलं. हात अजिबात थरथरला नाही. आल्यावर सांगू, ते कुरकुरतील, चहा पिऊ, मिटेल, असा माझा हिशेब.

कापडवाल्या शेठजींनी कुंपणाबाहेरून पाहिलं आणि त्यांना भलतीच चिंता पडली. "दीदी, अंडों का क्या होगा?" त्यांना अंड्याचं नावही नको. आमच्याकडे दिवसभर राहून जनावरं सांभाळणारी बाई गावच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतलीच, तिच्या स्वतःच्या अंगणात अकरा कोंबड्या. तिनं तोड काढली. अंडं उकडायचं, टरफलासकट कुस्करायचं आणि कोंबड्यांनाच परत घालायचं. शेठजींना ते पटलं. जिचं तिला, म्हणाले.

पहिले दोन दिवस कोंबड्या जागच्या हलल्याच नाहीत. चारी बाजूंना मोकळी जमीन, पण प्रत्येक कोंबडी पिंजऱ्याएवढ्याच जागेत उभी. पाय मातीवर ठेवायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. माझा जीव इतका कळवळला की मी त्यांच्यासाठी गाईम्हशींना करतो ते सगळं केलं. थंडी होती म्हणून शेडच्या चारी बाजूंना पोत्यांचे पडदे सोडले. खाली जाड तणस अंथरलं. आणि संध्याकाळी डास-माश्यांसाठी मातीच्या भांड्यात शेणी आणि कडुलिंबाचा पाला पेटवून धूर केला. भिंतीवर माझ्या अक्षरात नियम आहेच: दिवस मावळला की प्रत्येक शेडमध्ये धूर.

सहाव्या दिवशी सकाळी मी पोचले तर सांभाळणारी बाई फाटकातच उभी. "दीदी, कुकरी मन मुँह फार के साँस लेवत हें. दू ठन मर गे हें." कोंबड्या चोच वासून श्वास घेत होत्या, दोन मेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी तीन मेल्या, तिसऱ्या दिवशी दोन. उरल्या तेहतीस.

माझ्या मनात एकच शब्द आला आणि तो मी तोंडातून काढला नाही. बर्ड फ्लू. तो असला तर काय होतं ते पेपरात वाचलेलं होतं. आमच्या तेहतीस तर जातीलच, पण भोवतालच्या गावांतल्या, अंगणाअंगणांतल्या सगळ्या कोंबड्या गोळा करून मारतील. या बाईच्या अकराही. आणि हे सगळं कुणाच्या सहीनं आलं? डॉक्टरसाहेबांच्या.

तेव्हा मी जे केलं ते लिहायलाच हवं. मी तिला म्हटलं, "पुरून टाक. आणि पाऱ्यात कुणाला बोलू नको." तिनं "हव दीदी" म्हटलं आणि उघड्या हातांनी खड्डा खणला. कागदावर नाही ते झालंच नाही असं म्हणणारी मी, आणि मीच सात कोंबड्या कागदाबाहेर पुरल्या.  त्या रात्री मुलाला सांगितलं तर तो हिंदीत म्हणाला, "मम्मी, आप तो सबको डाँटती हो रूल के लिए." माझा मुलगा मराठी सगळं समजतो, पण मला टोचायचं असलं की हिंदीतच टोचतो.

सकाळी मी डॉक्टरसाहेबांना फोन केला. ते आदल्याच दिवशी परतले होते. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. कोंबड्या, सही, मेलेल्या सात, खड्डा.

 ते एवढंच म्हणाले, "माह्या सहीवर?"

"हो."

"आलो."

दीड तासानं स्कूटर फाटकाशी लागली. त्यांनी मला नमस्कारही केला नाही. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि मोज्यांचा एक जोड सांभाळणाऱ्या बाईसाठी. तिला हातपाय साबणानं धुवायला लावले, ताप-खोकला आहे का विचारलं, घरी जायचं नाही म्हणून बजावलं. मग कोंबड्यांकडे पाठ करून कडुलिंबाखाली उभे राहिले आणि खिशातून फोन काढला. पशुवैद्यकीय खात्यात लावत होते.

"आधी बघा तर खरं!" मी म्हटलं.

"आधी पाह्यतो, मंग फोन करतो म्हननारे लई पाह्यले, ताई. आत गेलं का मन म्हनते, हे ते नोहे. मनाले जे पायजे तेच डोयाले दिसते." आणि त्यांनी फोन केला. जागेचं नाव, कोंबड्या किती, मेल्या किती, पुरल्या कुठे, आणि पुरायला कुणी सांगितलं, सगळं. माझं नाव घेताना आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

खात्याची माणसं यायला वेळ होता. आम्ही दोघं कडुलिंबाखाली उभे होतो. मी माफी मागितली.  त्यावर ते जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत ठेवते.

"नोकरीत होतो तवाची गोष्ट. दुसऱ्या जिल्ह्यात. तिथं रोग निघाला होता, खरा. कोंबड्या मारायचा आदेश माह्या सहीनं निघाला. दोन दिवस गावंच्या गावं फिरलो. बाया टोपल्याखाली कोंबड्या लपवत. एक म्हातारी कोंबडी पोटाशी धरून आली आन म्हने, साहब, मोर कुकरी तो बने हे, एला काबर? तिची कोंबडी चांगलीच होती. तरी घेतली. घ्याच लागते. काम चुकीचं नव्हतं, ताई. आजही तसंच करीन. पन किती होत्या, कशा होत्या, एकही पाह्यली नाई मी. एक कागद, एक सही. सगळ्याइले मिळून."

 माझ्या कागदावरचं 'नग चाळीस' मला दिसत होतं.

खात्याची माणसं आली, पुरलेल्या कोंबड्या काढल्या, जिवंत कोंबड्यांचे नमुने घेतले. त्यांच्याबरोबर डॉक्टरसाहेब पहिल्यांदा त्या शेडमध्ये शिरले. पोत्याचा पडदा उचलला, नाक आक्रसलं आणि कोपऱ्यातल्या मातीच्या भांड्याशी थांबले. आत शेणीची राख होती.

"हे काय?"

सांभाळणारी बाई म्हणाली, "दीदी के नियम हे साहब. सबो कोठा म धुआँ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोंबडीले धूर, ताई? तोही पडदे लावून? गाईच्या छातीचा हिशेब कोंबडीले लावता का? असा धूर चार दिवस दिला तं पाखरू जगते काय?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. मला इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती. इथला सगळा अनुभव गाईम्हशींचा, तोच उचलून मी या पाखरांच्या छातीत भरला होता. आमच्यासारख्या गोठ्यातल्या लोकांशिवाय ही चूक कुणी करूच शकत नाही. पण त्याच क्षणी मला आशाही वाटली, आणि मी बोलून गेले, "म्हणजे बर्ड फ्लू नाही ना?"

"माह्या अंदाजावर नाई चालत. नमुने भोपाळच्या लॅबमंदी जातील. तवरी इथून पीसही बाहेर जानार नाई." मग कपाटातला तो 'नग चाळीस'चा कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. "रिपोर्ट येऊ द्या. मंग सांगतो, मी राह्यतो का जातो."

पोती आम्ही लगेच उतरवली. शेठजी फाटकाबाहेर आले होते. मला वाटलं, निदान ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "दीदी, गलत किया आपने. अब जो डाक्टर साब बोलें, वही." मग ड्रायव्हरला सांगून जाळीचं एक भेंडोळं उतरवून घेतलं, वारा खेळता राहावा म्हणून. पोत्यांऐवजी ती जाळी लागली. म्हणजे माझ्या चुकीचा हिशेब त्यांनी तोंडानं मांडला आणि मदत हातानं केली. पंडरीची माणसं अशीच असतात.

पुढचे पाच दिवस मी सकाळी जायची आणि डॉक्टरसाहेब आधीच तिथे असायचे. गाईम्हशींचं आटोपलं की एका उलट्या बादलीवर बसून जाळीतून कोंबड्यांकडे बघायचे. माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. म्हशीच्या कानाशीही त्या दिवसांत काही बोलले नाहीत. मला रडू यायचं, मग राग यायचा, मग स्वतःचाच राग यायचा. धूर बंद झाला तसा कोंबड्यांचा श्वास बसत गेला. चौथ्या दिवशी दुपारी एकीनं उन्हात माती उकरली, आडवी पडली आणि पंखांनी अंगावर धूळ उडवायला लागली. बाकीच्या माना वाकड्या करून तिच्याकडे पाहत राहिल्या. मग दुसरी बसली, मग आणखी दोघी.

सांभाळणारी बाई पाच दिवस घरी गेली नव्हती. तिच्या कोंबड्यांना शेजारीण दाणे टाकत होती. मी तिला म्हटलं, "मी तुला उघड्या हातांनी पुरायला लावलं. माझी चूक झाली." ती म्हणाली, "हव दीदी." नाही कशाला म्हणेल? चूक झालीच होती.

सहाव्या दिवशी खात्यातून फोन आला. डॉक्टरसाहेबांच्या फोनवर. त्यांनी ऐकलं, "बरं, बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि सांभाळणाऱ्या बाईकडे वळून म्हणाले, "जा घरी. छेरछेरा उद्या हाय ना, पोरं दारोदार धान मागाले येतीन, काढून ठेव." तेव्हा मला कळलं, रिपोर्ट साफ आला. ती पदर सावरत फाटकातून अक्षरशः पळाली. मी भिंतीशी गेले आणि माझ्याच अक्षरातला नियम खोडून खाली लिहिलं: धूर, फक्त गाई, म्हशी आणि बैल. माझा स्वभाव त्या आठवड्यात बदलला असं कुणी समजू नये. नियम चुकला तर नियम दुरुस्त करायचा, नियमच काढून टाकायचा नाही.

परत आले तर त्यांनी टेबल उन्हात काढून घेतलं होतं. खिशातून तो घडीचा कागद काढला, माझ्यासमोर चार तुकडे केले. मला वाटलं, चालले. 

"कोऱ्या कागदावर सही आता नाई, ताई. कवाही फोन करा, येतो," ते म्हणाले. "आन कागद काढा."

मी नवा कागद घेतला. 'कोंबड्या, नग तेहतीस' लिहायला पेन टेकवलं.

"नग नाई. नियम तुमचाच हाय. एका जनावराले एक कागद."

"अहो, सगळ्या सारख्याच दिसतात. वर्णन काय लिहू?"

ते जाळीत गेले आणि पहिली कोंबडी दोन्ही हातांत धरून आले. "लिहा. पांढरी, डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं." सही केली, तिला खाली सोडलं. दुसरी आणली. "मानेवर नवी पिसं फुटून राहिली, उजवीकडंच." तिसरी, "हे धुळीत पहिल्यानं लोळली ते." चौथी, पाचवी. पाच दिवस बादलीवर बसून त्यांनी एकेक ओळखून ठेवली होती. मला ज्या सारख्या दिसत होत्या, त्यांतल्या कुठल्याही दोन त्यांना सारख्या वाटत नव्हत्या. मी लिहीत गेले. मध्ये चहा आला, तो गार झाला. ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं.

तेहतिसावी खाली सोडली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. शेवटच्या दहा-बारा सह्या पार वेड्यावाकड्या आल्या होत्या. त्यांनी कागदांचा गठ्ठा नीट करून माझ्यापुढे सरकवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"चालतील ना, ताई?"

वाकडी सही मी जन्मात कधी पास केली नव्हती.

"चालतील," मी म्हटलं.